दुसऱ्याच्या खिशातला नाश्ता

(शंकरनगरातल्या एका ग्राहक मंडळापुढे झालेलं व्याख्यान. शब्दांकन करताना थोडं आवरलं आहे.)

मागे ऐकू येतंय ना? कूलरचा आवाज माझ्यापेक्षा मोठा आहे, पण मे महिन्यात नागपुरात कूलर बंद करा म्हणणाऱ्या वक्त्याला कोणी परत बोलावत नाही. चालू द्या.

पत्रिकेत विषय छापलाय, हॉटेलांच्या लॉयल्टी योजनांमधले बदल आणि ग्राहकाची निष्ठा. म्हणजे एकाच साखळीच्या हॉटेलांत वारंवार उतरणाऱ्याला पॉइंट, खास पाहुण्याचा दर्जा आणि त्यावरचे लाभ. तुम्ही म्हणाल, आम्हाला काय करायचं बाप्पा, आम्ही पुण्याला गेलो की मेहुण्याकडे उतरतो. पण तुमच्या मुलाच्या पाकिटात एखादं क्रेडिट कार्ड असेल, आणि त्यावर हॉटेलाचं नावही असेल. 2023 च्या ऑगस्टमध्ये एचडीएफसी बँकेने मॅरियट या अमेरिकी हॉटेल साखळीबरोबर तसं कार्ड काढलं. कार्ड घेतलं की सिल्व्हर दर्जा. हॉटेलची पायरी न चढता तुम्ही खास पाहुणे!

आम्ही हा दर्जा घाम गाळून मिळवला. मी पंप विकायचो. कोळसा खाणी, पोलाद कारखाने. चंद्रपूर, भिलाई, राउरकेला, विशाखापट्टणम. राहायचं ते एकाच साखळीच्या हॉटेलात, आणि तिचं हॉटेल गावात नसेल तर शेजारच्या गावात. बिल कंपनी भरायची, पॉइंट माझ्या नावावर जमायचे. अकाउंटवाले विचारायचे, स्वस्त हॉटेल मिळालं नाही का? मी म्हणायचो, क्लायंटला तिथे बरं पडतं. हसू नका, सुट्टीतल्या प्रवासाची एलटीसी बिलं तुम्हीही लावली आहेत.

आजचा माझा मुद्दा तोच आहे. या खेळात प्रत्येक जण दुसऱ्याच्या खिशातून उदार होतो. मी कंपनीच्या खिशातून निष्ठावंत झालो. साखळी कोणाच्या खिशातून उदार होते, तेच सांगायला आलोय. पण आधी किस्सा.

रिटायर व्हायच्या सुमाराची गोष्ट. दक्षिणेतल्या एका मोठ्या शहरात शेवटच्या टूरवर सौभाग्यवतींना बरोबर नेलं होतं. गेली किती तरी वर्षं मी हिला सांगत आलो, माझा दर्जा असा आहे की दोघांचा नाश्ता फुकट. सकाळी हिने नवी साडी नेसली आणि आम्ही खाली आलो. दारात टॅबलेट घेऊन एक पोरगी. रूम नंबर सांगितला. तिने बोटाने यादी वर सरकवली, खाली सरकवली, म्हणाली, सर, नव्या नियमाप्रमाणे मेंबरचा नाश्ता कॉम्प्लिमेंटरी आहे, सोबतच्या पाहुण्याचा चार्जेबल. किती? हजारावर आकडा, वर टॅक्स. हिने आकडा ऐकला आणि म्हणाली, मी नुसती बसते.

नुसती बसली. मी बुफेतून एक प्लेट आणली, इडली, वडा, पपईच्या फोडी. हिने माझ्या प्लेटमधली पपईची एक फोड उचलली. समोर डोसा काउंटरवरचा पोरगा पाहून राह्यला. फोड हातात, पोराची नजर फोडीवर, माझी नजर पोरावर. हिने ती शांतपणे खाल्ली, बिया टिश्यूत गुंडाळल्या आणि दुसरी फोड उचलली. (हशा) मग वेटर आला. मॅडमसाठी काही? ही म्हणाली, गरम पाणी. गरम पाण्याला चार्ज नव्हता. आम्ही तीनदा मागवलं.

मी मॅनेजरला बोलावलं. भांडायच्या तयारीतच होतो. माझी दोन वाक्यं ऐकली आणि तो मराठीत म्हणाला, साहेब, तुम्ही नागपूरकडचे काय? गडी वर्ध्याचा निघाला! वर्ध्याचा माणूस भेटला की भांडण कसं टिकणार. त्याने हिला डोसा खाऊ घातला, आणि संध्याकाळी लॉबीत बसून सगळा हिशेब माझ्यापुढे मांडला. चाळीस वर्षांत कुठल्या कार्डाने शिकवलं नाही ते त्याने शिकवलं. म्हणाला, साहेब, पाटीवर नाव साखळीचं असलं तरी इमारत कोणाची आहे ठाऊक आहे? इथल्या एका बिल्डरची. तुमच्या ईमेलमध्ये 'आमच्या खास पाहुण्याला मोफत नाश्ता' असं साखळीने लिहिलं. अंडी बिल्डरने आणली.

आता जरा गंभीर होतो. मॅरियटच्या छत्राखाली जगभर नऊ हजारांहून जास्त हॉटेलं आहेत, आणि त्यांतली स्वतःच्या मालकीची फारच थोडी. बाकीची स्थानिक मालकांची. ते नाव वापरण्याचे पैसे देतात आणि लॉयल्टी योजनेचा वाटाही भरतात. तुम्ही पॉइंट मोडून फुकट राहिलात की योजनेच्या पेटीतून मालकाला थोडी भरपाई मिळते, आणि हॉटेल जवळजवळ भरलेलं असेल तर ती वाढते. पण नाश्ता, अपग्रेड म्हणजे त्याच भाड्यात वरच्या दर्जाची खोली, दुपारी चारपर्यंत खोली ठेवायची सवलत, हा भार बराचसा मालकाचाच. म्हणून मालक कुरकुरतो आणि साखळी नियम बदलते. इतवारीतला किराणावाला महिन्याच्या यादीबरोबर पोराच्या हातावर गुळाचा खडा ठेवायचा, तेव्हा वचनही त्याचं आणि गूळही त्याचाच. इथे वचन अमेरिकेतून येतं आणि गूळ वर्धा रोडवरचा.

सुरुवात कशी झाली तेही सांगतो. 1 मे 1981 ला अमेरिकन एअरलाइन्सने विमान प्रवाशांसाठी मैल मोजणारी योजना काढली. 1983 मध्ये हॉलिडे इन आणि मॅरियट यांनी हॉटेलांत तसंच सुरू केलं. स्टारवूड या हॉटेल कंपनीने 1999 मध्ये जाहीर केलं की आमच्या पॉइंटवर सणासुदीची बंदी नाही, खोली असली की मिळणार. लोक त्यांच्या अक्षरशः प्रेमात पडले. मग 2016 मध्ये मॅरियटने सुमारे 13 अब्ज डॉलर मोजून स्टारवूड घेतलं, 2018 च्या ऑगस्टमध्ये दोन्ही योजना एक केल्या आणि 2019 मध्ये बॉनव्हॉय हे नाव दिलं. तिथे प्लॅटिनम या वरच्या दर्जाला वर्षाला 50 रात्री लागतात. म्हणजे दर आठवड्याला एक रात्र घराबाहेर. हा लाभ नवऱ्याचा की बायकोचा, ते घरोघरी वेगळं असेल.

आणि अपग्रेड! नियमात लिहिलेलं असतं, उपलब्धतेनुसार. आपल्याकडे डिसेंबरात हिवाळी अधिवेशन भरतं. आमदार, सचिव, पत्रकार, त्यांच्यामागे फायली घेऊन फिरणारे. त्या दिवसांत वर्धा रोडवर किंवा रामदासपेठेत रिसेप्शनवर प्लॅटिनम दाखवा आणि सुइट मागा. पोरगा इतक्या नम्रपणे नाही म्हणेल की तुम्हालाच ओशाळल्यासारखं होईल. सुइट रिकामा असला तरी तो संध्याकाळी येणाऱ्या रोख गिऱ्हाइकासाठी असतो. जामठ्याच्या स्टेडियमवर मॅच असली की तीच तऱ्हा.

अध्यक्षांची चिठ्ठी आली. 'पाच मिनिटं, मुद्दा घ्यावा.' घेतो.

लाभ का बदलतात? पहिलं कारण, दर्जा आता नुसत्या रात्री मोजून मिळत नाही, बँकाही वाटतात. सगळेच खास झाले की लाउंजमध्ये समोशासाठी रांग लागते. बँका फुकट वाटत नाहीत, साखळीकडून पॉइंट विकत घेतात. 2020 मध्ये कोविडने हॉटेलं ओस पडली तेव्हा हिल्टन या दुसऱ्या साखळीने अमेरिकन एक्सप्रेस या कार्ड कंपनीला 1 अब्ज डॉलरचे पॉइंट आगाऊ विकले. मॅरियटने बँकांकडून 92 कोटी डॉलर उभे केले. खोल्या रिकाम्या, पण पॉइंट खपत होते. साखळीचं मोठं गिऱ्हाईक आता बँक आहे, म्हणून पन्नास रात्री काढणाऱ्याची मर्जी पूर्वीइतकी राखावी लागत नाही.

दुसरं, पॉइंटची किंमत ठरवणारा आणि पॉइंट छापणारा एकच. कुठल्या हॉटेलात एका रात्रीला किती पॉइंट, हा ठरावीक तक्ता मॅरियटने 2022 मध्ये काढून टाकला, आता मागणीप्रमाणे पॉइंट वरखाली. हिल्टनने 2021 मध्ये अमेरिकेतल्या हॉटेलांत नाश्त्याऐवजी खाण्यापिण्याची ठरावीक रक्कम द्यायला सुरुवात केली. नाश्ता त्या रकमेत बसला नाही की उरलेलं तुमच्या खिशातून.

आता ग्राहकाने करायचं काय. खरं तर यावरच बोलायचं होतं. पॉइंट साठवू नका, मोडा. दर्जासाठी एक रात्रही जास्त काढू नका. खोलीचा भाव आधी बघा, नाव नंतर. बुकिंग करताना नाश्ता भाड्यात धरलेला आहे का ते लेखी घ्या. दर्जावरचा नाश्ता ते बदलू शकतात, भाड्यात धरलेला नाही. आणि मॅरियट, हिल्टन, हयात तिघांकडेही 24 महिने काही हालचाल झाली नाही तर पॉइंट बाद होतात. मुलांना आज रात्रीच फोन करून विचारा.

मालकाची बाजू राहिली, विमान कंपन्या राहिल्या. अध्यक्ष घड्याळ दाखवताहेत. त्या निळ्या साडीतल्या काकूंचा हात बऱ्याच वेळापासून वर आहे, विचारा काकू. पपईबद्दल असेल तर ही तिसऱ्या रांगेत बसली आहे, तिलाच विचारा.