ट्रॉलीचा दांडा आणि चोवीस फडकी

(दृश्य: गंगापूर रोड, सकाळचे पावणेनऊ. पाऊस. पत्र्याच्या शेडखाली उभी ट्रॉल्यांची रांग.)

जुलै महिना. नाशकात पावसानं झड धरलीय. गंगापूर धरणातून पाणी सोडल्याचे निरोप मोबाइलवर फिरतायत. गोदाघाटावरच्या दुतोंड्या मारुतीच्या गुडघ्याला पाणी लागलं की कमरेला, हे रिक्षावाला दूधवाल्याला विचारतोय. नाशिककराची पूर मोजायची पट्टी आजही तीच आहे.

आपण मात्र घाटावर नाही आहोत. आपण उभे आहोत एका सुपरमार्केटच्या पार्किंगमध्ये. अजून शटर वर गेलेलं नाही. शेडच्या कडेनं पागोळ्या गळतायत आणि नेमक्या कडेच्या ट्रॉल्यांच्या दांड्यांवर पडतायत. थेंब दांड्यावर आपटतो, फुटतो, खालच्या बाजूला ओघळतो आणि तिथेच लोंबकळत राहतो.

(दृश्य: दांड्याखाली लोंबणारा थेंब, अगदी जवळून.)

दार उघडलं की पहिलं गिऱ्हाईक येईल, ट्रॉली ओढेल आणि लगेच हात मागे घेईल. तळवा ओढणीला नाहीतर पँटला पुसेल. आपण सगळ्यांनीच हे केलंय. मीही केलंय. एकदा तर आईला ट्रॉली दिली तेव्हा ती म्हणाली, "ओलं नाही रे, चिकट आहे." आणि तिनं पदरानं दांडा पुसला. पदरावर करड्या रंगाचा पट्टा उमटला. ती काही बोलली नाही, पण पुढे सगळी खरेदी तिनं एका हातानं केली. पदराचा तो कोपरा दुसऱ्या हातात धरून ठेवला होता, बाकीच्या साडीला लागू नये म्हणून. ही फिल्म करावी असं मला त्या दिवशी वाटलं.

(दृश्य: गोदाघाट, बुधवारचा बाजार. कापडी पिशव्या, प्लास्टिकच्या विणलेल्या बास्केट.)

नाशकात पिढ्यान्‌पिढ्या बाजारहाट झाला तो पिशवीनं. बुधवारच्या बाजारात आजही पाहा. पिशवी ज्याची त्याची, तिचे बंद ज्याच्या त्याच्या हातातले. घरी गेल्यावर ती खुंटीला लागते, मळली की धुतली जाते. ट्रॉलीचं तसं नाही. ट्रॉली सगळ्यांची, म्हणून तिचा दांडाही सगळ्यांचा.

ही वस्तू तशी फार जुनी नाही. अमेरिकेत ओक्लाहोमा सिटीमध्ये सिल्व्हन गोल्डमन नावाच्या दुकानदारानं १९३७ साली ती आणली. घडीच्या खुर्चीवरून त्याला कल्पना सुचली: खुर्चीला चाकं लावायची, बसायच्या जागी टोपली ठेवायची. लोकांनी आधी हात लावला नाही. बायकांना ती बाबागाडीसारखी वाटली, पुरुषांना ती ढकलण्यात कमीपणा वाटला. मग गोल्डमननं माणसं पगारी ठेवून दुकानात ट्रॉल्या ढकलत फिरवली. पुढे १९४६ मध्ये कॅन्सस सिटीच्या ऑर्ला वॉटसननं मागची फळी वर उचलली जाईल अशी ट्रॉली केली. त्यामुळे एक ट्रॉली दुसरीत शिरू लागली. आज पार्किंगमध्ये दिसणारी ही लांबलचक रांग त्या फळीची देणगी.

आणि पुसणाऱ्याचं निम्मं काम त्या रांगेनंच सोपं केलंय, निम्मं अवघडही.

(दृश्य: मावशी. डोक्याला रुमाल, हातात रबरी मोजे, कमरेला खोचलेली फडकी.)

या मावशी. सकाळच्या पाळीला येतात. त्यांचं काम काय, असं विचारलं तर सांगतात, "ट्रॉल्या लावायच्या." पुसायचं काम त्या वेगळं मोजत नाहीत.

त्यांच्यासोबत दोन बादल्या असतात. एकीत साबणाचं पाणी, दुसरीत साधं. पहिलं फडकं साबणाच्या पाण्यात बुडवून घट्ट पिळतात, इतकं घट्ट की त्यातून थेंब पडता कामा नये. दांड्याच्या एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत एकाच दिशेनं पुसत जातात. मग साध्या पाण्याचं फडकं. मग कोरडं. वरून पुसून झालं की मूठ उलटी करून खालून. खालची बाजू बहुतेक जण सोडून देतात आणि बोटं नेमकी तिथेच वळतात. ट्रॉल्या एकीत एक अडकलेल्या असल्या की दांड्यांची वरची बाजू ओळीनं चालत चालत पुसता येते. खालच्या बाजूसाठी मात्र एकेक ट्रॉली बाहेर ओढावी लागते. घाई असली की हेच आधी सुटतं.

(दृश्य: दांड्याचं टोक. प्लास्टिकचं बूच आणि नळी जिथे मिळते तिथली काळी रेघ.)

ही काळी रेघ पाहा. दांडा म्हणजे धातूची नळी, वरून प्लास्टिकची नळकांडी. दोन्ही टोकांना बूच. बूच जिथे बसतं तिथे बारीक फट असते. हाताचा घाम, पिठाची भुकटी, तेलाचा ओशटपणा, सगळं त्या फटीत जाऊन बसतं. पावसाळ्यात तिथेच पाणी मुरतं. नळकांड्याखाली शिरलेलं पाणी बाहेर यायला वाट नसते. आतून नळी गंजते, मग एक दिवस बुचाच्या कडेनं तपकिरी ओघळ येतो. तो ओघळ वरून पुसून जात नाही. मावशींकडे यासाठी एक जुना टूथब्रश आहे. दर गुरुवारी गर्दी कमी असते, तेव्हा तो बाहेर निघतो.

आता जंतूंचं बोलू. घाबरवण्यासाठी नव्हे, पण झाकूनही ठेवायचं नाही.

अमेरिकेत अ‍ॅरिझोना विद्यापीठाचे सूक्ष्मजीवशास्त्रज्ञ चार्ल्स गेर्बा आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी ८५ ट्रॉल्या तपासल्या. २०११ मध्ये त्याचे निष्कर्ष आले. ७२ टक्के ट्रॉल्यांवर कोलिफॉर्म गटातले जीवाणू सापडले. कोलिफॉर्म सापडले म्हणजे आजार झालाच असं नाही. पण इथे अस्वच्छ हात लागलेत आणि नंतर नीट सफाई झालेली नाही, एवढं ते सांगतात. तिकडच्याच दुसऱ्या पाहण्यांत असं दिसलं की ट्रॉलीत कच्च्या मांसाच्या पाकिटांशेजारी बसवलेल्या तान्ह्या मुलांना साल्मोनेला आणि कॅम्पिलोबॅक्टर या जुलाब घडवणाऱ्या जीवाणूंचा संसर्ग होण्याचा धोका जास्त असतो. आपल्याकडच्या कितीतरी दुकानांत मांस नसतंच. पण मूल तर आपणही ट्रॉलीतच बसवतो.

(दृश्य: ट्रॉलीच्या बैठकीवर बसलेलं दहा-अकरा महिन्यांचं बाळ. दोन्ही हातांनी दांडा धरून हिरड्यांनी चावतंय.)

दात येताना बाळाला काहीतरी चावायला लागतंच. समोर दांडा असतो आणि तो नेमका त्याच्या तोंडाच्या उंचीवर असतो. आई लोणच्याची बरणी उलटी करून तारीख वाचतेय. यात तिची चूक काढायची नाही. एका माणसाला एका वेळी दोनच डोळे असतात. आधी कुणीतरी तो दांडा पुसलेला असायला हवा, माझं म्हणणं इतकंच आहे.

२०२० साली तो पुसला जात होता. दाराशीच कुणीतरी बाटली घेऊन उभा असायचा, दांड्यावर दोन फवारे आणि ट्रॉली पुढे. भीती ओसरली तसा तो माणूसही दारातून गेला. कोरोनाचा विषाणू मुख्यतः हवेतून पसरतो, वस्तूंना हात लावून संसर्ग होण्याची शक्यता कमी असते, हे पुढे स्पष्ट झालं. तेही खरंच आहे. पण दांडा फक्त कोरोनासाठी पुसायचा नव्हता. जुलाब-उलट्यांचे विषाणू, हातापायांवर पुरळ उठवणारा लहान मुलांचा ताप, हे सगळे हातांवरून वस्तूंवर आणि वस्तूंवरून हातांवर जातात.

आणि त्या फवाऱ्याबद्दलही थोडं बोलायला हवं. दांड्यावर मेणचट थर असेल तर फवारा वरच्या वर राहतो, खालच्या जंतूंपर्यंत पोचत नाही. म्हणून आधी साबण, मग औषध. सॅनिटायझरमध्ये साधारण ७० टक्के अल्कोहोल असतं ते उगाच नाही. शुद्ध अल्कोहोल पटकन उडून जातं. जंतूंची प्रथिनं मोडायला थोडं पाणीही लागतं. फवारल्यावर अर्धा-एक मिनिट तरी दांडा ओला राहायला हवा, लगेच पुसला तर फवारला काय नि न फवारला काय. ब्लीच वापरायचं असेल तर ते रोजच्या रोज, बाटलीवर लिहिल्याइतकंच पातळ करून घ्यायचं, ठरलेला वेळ ठेवायचं आणि मग साध्या पाण्यानं पुसून काढायचं, नाहीतर क्रोमवर डाग पडतात आणि धातू खायला लागतो. आणि ब्लीच संडास धुवायच्या अ‍ॅसिडमध्ये कधीही, कुणाच्याही सांगण्यावरून मिसळायचं नाही. त्यातून क्लोरीन वायू निघतो. पार्किंगच्या कोपऱ्यातल्या बंद खोलीत हे मिसळणाऱ्या बाईला कुणी हे सांगितलेलं नसतं.

(दृश्य: भांडी बाजार. पितळेचे हंडे, तांब्याचे घंगाळ.)

नाशकाला यात एक वेगळी आठवण आहे. तांब्या-पितळेच्या पृष्ठभागावर पुष्कळ जीवाणू काही तासांत मरतात. २००८ साली अमेरिकेच्या पर्यावरण संरक्षण संस्थेनं तांब्याच्या मिश्रधातूंची जंतुनाशक म्हणून रीतसर नोंद केली. आपल्या भांडी बाजारातला कारागीर हे ऐकून मान डोलावेल. पण तोच हेही सांगेल की हंडा रोज चिंचेनं घासावा लागतो. वर थर चढला की तांबं तांब्याचं काम करत नाही. म्हणजे धातू कोणताही असो, घासणारा हात लागतोच.

(दृश्य: पुन्हा पार्किंग. दुपार. पाऊस थांबलाय, पण सगळं ओलंच.)

मी या कामात जे शिकलो ते असं: पुसण्यापेक्षा कोरडं करणं अवघड आहे. ओल्या हातावरून जंतू जितके सहज दुसरीकडे जातात, तितके कोरड्या हातावरून जात नाहीत. ओल्या पृष्ठभागाचंही तेच. एप्रिलमध्ये नाशकात ओला दांडा आपोआप सुकतो. डिसेंबर-जानेवारीत हवा इतकी कोरडी असते की कधीकधी ट्रॉलीला हात लावला की चटका बसतो, स्थिर विजेचा. जुलैत मात्र हवेलाच ओल असते, ती दांड्यावरचं पाणी घेणार कुठून? तेव्हा कोरडं फडकं हाच एक उपाय उरतो.

आणि खरी अडचण तिथेच आहे. फडकं कोरडं आणायचं कुठून?

मावशींना आधी दिवसाला दोन फडकी मिळायची. दहाव्या-बाराव्या ट्रॉलीला ती ओली होत. मग त्याच ओल्या फडक्यानं पुढच्या साठ ट्रॉल्या. एका दांड्यावरचं उचलायचं आणि पुढच्यावर नेऊन ठेवायचं. संध्याकाळी त्या फडक्याला कुबट वास यायचा. "तो वास आला ना, की समजायचं आपण पुसत नाही, माखतोय," मावशी म्हणतात.

त्यांनी हे मॅनेजरना सांगितलं. एकदा, दोनदा. तिसऱ्यांदा त्या काही बोलल्या नाहीत, फडकंच त्यांच्या टेबलावर नेऊन ठेवलं. आता चोवीस फडकी आहेत. मायक्रोफायबरची निळी साबणासाठी, पांढरी सुती कोरडं करायला. प्रत्येक फडक्याची चौघडी घालायची, म्हणजे एका फडक्याच्या आठ बाजू होतात. एका बाजूनं एक ट्रॉली. आठ ट्रॉल्या झाल्या की फडकं वापरलेल्यांच्या पिशवीत.

(दृश्य: मावशी मोजा काढून दांड्यावर हाताची मागची बाजू टेकवतात.)

हे बघा. कोरडं झालं का, हे त्या उलट्या हातानं बघतात. तळव्याला काम करून घट्टे पडलेत, त्याला बारीक ओल कळत नाही. लेकराचा ताप बघताना आपण हात असाच लावतो.

दोन-तीन गोष्टी गिऱ्हाइकांच्याही हातात आहेत. पावसाळ्यात प्रत्येक दुसरा माणूस ओली छत्री ट्रॉलीच्या दांड्यालाच लटकवतो. रेनकोट तर सरळ दांड्यावर वाळत घातल्यासारखा टाकतात. या दुकानानं दाराशी दोन जुने पिंप ठेवलेत, छत्र्यांसाठी. पहिल्या आठवड्यात ते रिकामेच होते, छत्री चोरीला जाईल म्हणून. मग पिंप बिलाच्या काउंटरवरून दिसेल असे सरकवले, तेव्हा भरू लागले. ट्रॉल्यांची रांगही फिरवली. आता दांडे भिंतीकडे आणि टोपल्या पागोळ्यांकडे. टोपलीतलं पाणी जाळीतून खाली निघून जातं. याला एक पैसा लागला नाही.

आणि घरी गेल्यावर हात साबणानं धुवायचे. दांडा कितीही स्वच्छ असला तरी.

(दृश्य: रात्रीचे साडेनऊ. शटर अर्धं खाली. मागची छोटी खोली.)

दुपारच्या पाळीतल्या ताई आज आल्या नाहीत, म्हणून मावशी थांबल्यात. कढत पाण्यात धुतलेली फडकी दोरीवर टाकतायत. दोन फडक्यांत बोटभर अंतर, एकावर एक नाही. बाहेर ऊन नाही, उद्याही नसेल, म्हणून कोपऱ्यात एक टेबलफॅन लावलाय. मावशी बोटानं मोजतात. तेवीस. पुन्हा मोजतात. तेवीसच.

"कुणीतरी गाडीची सीट पुसायला नेलं," त्या म्हणतात. मग मोटरसायकलींच्या रांगेकडे जातात, तिसऱ्या गाडीच्या सीटवरून ओलंचिंब फडकं उचलतात, पिळतात, परत येऊन धुतात आणि दोरीच्या शेवटच्या मोकळ्या जागेत टाकतात.

फॅन दोनवर करतात. दिवा बंद.