बागेत धामण दिसली तर

नमस्कार मंडळी. साप दिसला की काय करायचं, या प्रश्नाचं उत्तर हल्ली बहुतेकांकडे तयार असतं: सर्पमित्राला फोन. पूर्वी लोक काठी शोधायचे, आता नंबर शोधतात. ही फार मोठी सुधारणा आहे आणि तिच्यामागे गावोगावच्या सर्पमित्रांची कित्येक वर्षांची मेहनत आहे. तरीही आज मी सांगणार आहे की बागेतून चाललेल्या धामणीसाठी तो फोनसुद्धा करू नका. तिला जाऊ द्या.

धामण म्हणजे सहा-सात फुटांचा, पिवळसर तपकिरी, दिवसाढवळ्या फिरणारा साप. डोळे मोठे, बाहुली गोल आणि ओठांच्या खवल्यांवर शाईने आखल्यासारख्या काळ्या उभ्या रेघा. विष अजिबात नाही. कोंडीत सापडली की मान फुगवते, घोगरा आवाज काढते आणि लोक तिला नाग समजून ठेचतात. शेपटीत विष असतं, गाईच्या पायांना विळखा घालून दूध पिते, ती नागाची मादी असते, हे सगळं साफ खोटं. धामणीत नरही असतात आणि मादीही. एकमेकांना पीळ घालून अर्धं अंग उचलणारी जोडी दिसली की आपल्याकडे नवं कापड टाकायला धावतात. तो शृंगार नसतो, दोन नरांची झुंज असते.

आता ‘पकडून लांब रानात सोडलं म्हणजे झालं’ याबद्दल बोलतो, कारण इथेच आपली दया चुकते. कर्नाटकात आगुंब्याच्या जंगलात नागराजांच्या (किंग कोब्रांच्या) अंगात रेडिओ ट्रान्समीटर बसवून अभ्यास झाला. त्यात दूर नेऊन सोडलेला साप नेहमीपेक्षा कितीतरी जास्त भटकत राहिला. धामण वेगळी, नागराज वेगळा, हे मान्य. पण साप आपल्या भागातली बिळं, पाण्याच्या जागा, उन्हाची जागा ओळखून असतो, हे दोघांनाही लागू आहे. परक्या रानात तो उघडा पडतो. इकडे तुमच्या बागेतले उंदीर तसेच राहतात आणि उंदीर आहेत तोवर दुसरा साप येतो. तो बिनविषारीच असेल याची हमी कोण देणार?

‘पण आम्हाला ओळखता आलं नाही तर?’ रास्त प्रश्न आहे. रात्रीचा बिनविषारी कवड्या आणि विषारी मण्यार यांत भलेभले फसतात. कवड्याचे पट्टे मानेपासूनच ठळक असतात आणि शेपटीकडे विरत जातात. मण्यारीचे पट्टे डोक्यामागे बरंच अंतर सोडून सुरू होतात आणि शेपटीपर्यंत टिकतात. पण हे वाकून बघायला जाऊ नका. लांब उभं राहायला ओळख पटावी लागत नाही. दहा-बारा फूट मागे व्हा, पोरांना आणि कुत्र्याला आत घ्या, सापाची वाट मोकळी ठेवा. बहुतेकदा थोड्याच वेळात तो स्वतःहून निघून जातो.

फोन करायचा तो साप घरात शिरला, विहिरीत पडला, जखमी झाला किंवा विषारी असल्याची शंका आली तर. घरात शिरला असेल तर आतली दारं लावून फटीला टॉवेल दाबा आणि नजर त्याच्यावर ठेवा. वनविभागाचा 1926 हा नंबर भिंतीवर लिहून ठेवा. फिनेल, रॉकेल, कार्बोलिक अॅसिड यातलं काहीही ओतू नका. त्याची कातडी भाजते. आणि कोणालाही साप चावला, ‘बिनविषारीच असेल’ असं वाटलं, तरी थेट दवाखाना गाठा. भारतात 2000 ते 2019 या काळात सर्पदंशाने सुमारे 12 लाख माणसं गेली असा अंदाज आहे. ती भीती खरी आहे आणि मी तिला कमी लेखत नाही.

शेवटी एक काम सांगतो, ते आज घरी गेल्यावरच करा. वालाच्या वेलाला, कोंबड्यांच्या खुराड्याला बांधलेली जुनी नायलॉनची जाळी जमिनीपर्यंत लोंबत असेल तर ती कापून टाका. उंदरामागे धावणारी धामण तीत शिरते, आणि मागे सरकता येत नाही म्हणून पुढे रेटते. धागा खवल्यांखाली शिरतो, खवले उचलले जातात, खालची मऊ कातडी चिरते, आणि उन्हात ती तासाभरात मरू शकते. अडकलेली दिसली तर ओढू नका. गोणपाट टाकून सावली करा आणि सर्पमित्र येईपर्यंत जवळपास थांबा. जाळी लागणारच असेल तर जमिनीपासून वीतभर वर बांधा.