रैयोलीचे दगड

गुजरातमधील बालासिनोरजवळ, रैयोली गावाबाहेरचा हा माळ आहे. खडकात दिसणारे हे गोल कडे म्हणजे डायनासोरच्या अंड्याचे कवच आहे. आतल्या पोकळीत गाळ भरला आणि त्याचाच दगड झाला.

१९८१ मध्ये येथे जीवाश्म आढळले. पुढे १९८२ ते १९८४ या काळात भारतीय भूवैज्ञानिक सर्वेक्षणाचे सुरेश श्रीवास्तव यांनी हाडे गोळा केली आणि कोणते हाड कोठे, कसे पडले होते, याचा नकाशाही काढून ठेवला. २००१ मध्ये अमेरिकी जीवाश्मशास्त्रज्ञ जेफ्री विल्सन आणि पॉल सेरेनो यांनी भारतीय सहकाऱ्यांसह ही हाडे पुन्हा तपासली, तेव्हा कवटीचा मागचा भाग, कंबर, पाय आणि शेपटी यांची जुळणी याच नकाशामुळे करता आली. नकाशा नसता, तर हाडांचा नुसता ढीगच हाती उरला असता. कपाळावर आखूड शिंग असलेल्या या मांसाहारी प्राण्याला २००३ मध्ये नाव मिळाले, राजासॉरस नर्मदेन्सिस. समोरची प्रतिकृती त्याचीच.

जपून ठेवलेला दगड किती वर्षांनी बोलेल, हे मात्र सांगता येत नाही. गुजरातमधल्याच धोळी डुंगरी गावाचा हा खडक भूवैज्ञानिक धनंजय मोहबे यांना १९८० च्या दशकात मिळाला. १९८७ मध्ये त्यांनी त्यात अंडी आणि डायनासोरचे पिल्लू असल्याचे नोंदवले. २००१ मध्ये विल्सन यांनी तोच खडक पाहिला आणि पिल्लाची समजली गेलेली काही हाडे सापाच्या मणक्यांसारखी एकमेकांत अडकलेली त्यांच्या लक्षात आली. नीट पाहा: फुटलेल्या अंड्याभोवती वेटोळे, त्यावर टेकलेले डोके आणि शेजारी जेमतेम अर्धा मीटर लांबीचे पिल्लू. सुमारे साडेतीन मीटर लांबीचा हा साप, सनाजेह इंडिकस, पिल्लू बाहेर पडण्याच्या सुमारास घरट्यात शिरला होता आणि अचानक आलेल्या गाळाने सारेच जागच्या जागी गाडले गेले. ६ कोटी ७० लाख वर्षांपूर्वीचा हा प्रसंग २०१० मध्ये शोधनिबंधातून जगासमोर आला.

रैयोलीचे संग्रहालय २०१९ मध्ये उघडले. त्याआधी येथील बरेच जीवाश्म लोकांनी उचलून नेले. गावातल्या एका घरी मसाला वाटायला वापरला जाणारा गोल दगड बालासिनोरच्या पूर्वीच्या संस्थानिक घराण्यातील आलिया सुलताना बाबी यांच्या नजरेस पडला. तेही अंडेच होते.