बरणीचा दादरा आणि द्राक्षाची वेल

नमस्कार श्रोतेहो. द्राक्षबागायतदारांना हे नवं नाही. छाटणी झाली की काडीच्या टोकाशी पाणी डबडबतं, टपटप गळतं. तीनशे वर्षांपूर्वी इंग्लंडमधल्या टेडिंग्टनच्या पाद्र्यालाही हेच दिसलं. नाव स्टीफन हेल्स.

एका वेलीचं जुनं खोड अवेळी कापलं गेलं आणि पाणी काही थांबेना. वेल मरते की काय, या धास्तीनं हेल्सनं नाना उपाय केले. शेवटी जनावराच्या मूत्राशयाची कातडी घेतली आणि लोणच्याच्या बरणीला आपण दादरा बांधतो ना, अगदी तशी कापावर घट्ट आवळली. बघतो तर काय, कातडी टम्म फुगलेली! दुसरा कुणी असता तर त्यानं आणखी एक दोरी आवळली असती.

पण या गृहस्थानं आधी एका घोडीच्या धमनीला काचेची नळी लावून रक्त किती चढतं ते पाहिलं होतं. 8 फूट 3 इंच. मग वेलीला नळी का नको? नळीवर नळी जोडत गेला, रस वर चढत गेला. सांधे गळत होते, तरी 21 फूट! पुढं पारा वापरून मोजलं, तेव्हा जोर भरला 43 फूट पाण्याइतका. घोड्याच्या रक्ताच्या जवळजवळ पाचपट. पुन्हा सांगतो, पाचपट. आणि वेलीला हृदय नाही! हा जोर मुळांचा.

1724 मध्ये त्यानं साडेतीन फुटी सूर्यफूल घेतलं, कुंडीचं तोंड शिशाच्या पत्र्यानं बंद केलं आणि पंधरा दिवस सकाळ-संध्याकाळ तराजूत घातलं. दिवसाला सरासरी 20 औंस, म्हणजे अर्ध्या लिटरहून जास्त पाणी पानांवाटे उडत होतं. लक्षात ठेवा, ढकलतात मुळं, ओढतात पानं.

आणि पावसाळी दमट हवेत पानं फारसं ओढतच नसतील, तर पाणी जाणार कुठं? भर पावसाळ्यातही तुळशीला नेमानं तांब्याभर पाणी ओतणारी मंडळी आहेत. भक्ती कबूल, पण आधी मातीत बोट घालून बघा हो! मुळं कुजतात. घरोघरी तराजू होता तेव्हा माणसं मोजून-मापून वागायची, असं आपलं माझं मत.

हे सगळं हेल्सनं 1727 च्या पुस्तकात मांडलं. पानं हवेतूनही काही अन्न घेत असावीत, असा तर्कही त्यात आहे. त्यावरच आज बोलायचं होतं, पण घोडीनं वेळ खाल्ला. नमस्कार.