एक्सपायर व्हायला बीपीची गोळी उरलीच कशी?

नमस्कार मंडळी. तालुक्याच्या गावात माझं मेडिकलचं दुकान आहे, त्यामुळं आज जे बोलणार ते काउंटरवरचंच आहे. आठवड्यातून एकदा तरी कुणीतरी पिशवीतनं अर्धी कापलेली स्ट्रिप काढतं आणि विचारतं, "ओ भाऊ, याची तारीख गेली म्हणते पोरगी, खाल्ली तर काय होतंय का?"

तर आधी भीती काढून टाकू. तारीख उलटली की बीपीच्या गोळीचं रात्रीतनं विष होत नाही. कंपनी त्या तारखेपर्यंत हमी देते, की गोळीत लिहिलंय तेवढं औषध आहे, बस. आणि पाकिटावर नुसता महिना आणि साल असलं, समजा ०३/२०२५, तर ती हमी ३१ मार्चपर्यंत धरायची, एक तारखेपर्यंत नाही. यात लय जणांचा घोळ होतो.

अमेरिकेच्या लष्करानं तर १९८६ पासून आपला जुना साठा तिथल्या औषध खात्याकडून तपासून घ्यायला सुरुवात केली, कारण तारीख गेली म्हणून एवढा माल फेकायचा म्हणजे खर्च केवढा. २००६ साली त्याचे आकडे छापून आले, १२२ औषधांचे तीन हजारांवर लॉट, म्हणजे एका वेळी बनवलेल्या मालाच्या खेपा, तपासले आणि त्यातले ८८ टक्के लॉट तारखेनंतर कमीत कमी वर्षभर तरी चांगले निघाले.

हे ऐकून कुणी लगेच कपाटातली जुनी स्ट्रिप काढू नका बरं का. तो माल सीलबंद होता आणि ठरलेल्या तापमानाच्या गोदामात होता. आपल्याकडं काय असतं? पत्र्याचं घर, मे महिन्यात परभणी-नांदेडकडं पारा ४२-४३ च्या पुढं, आणि औषधाचा डबा कुठं तर फ्रीजच्या डोक्यावर, नाहीतर टीव्हीच्या मागं, नाहीतर सैपाकघराच्या खिडकीत. पाकिटावर बारीक अक्षरात ३० डिग्रीच्या आत ठेवा, उजेडापासून लांब ठेवा असं लिहिलेलं असतं, ते वाचतं कोण. बीपीच्याच गोळ्या घ्या, ॲम्लोडिपिनला उजेड सोसत नाही, रॅमिप्रिल-पेरिंडोप्रिलला ओल सोसत नाही, आणि आमच्या काही मावशी सगळ्या गोळ्या स्ट्रिपमधून फोडून एका काचेच्या बरणीत भरून ठेवतात, म्हणजे ना नाव कळतंय ना तारीख. अशा गोळीची तारीख जायची बाकी असली तरी मला तिचा भरवसा वाटत नाही.

आणि गोळी कमजोर झाली तर तुम्हाला ते कळणार कसं? बीपी दुखत नाही. वरचा आकडा १७० ला जाऊन बसला तरी माणूस गोळी चालूय म्हणून निवांत असतो.

पण मला खरं बोलायचंय ते वेगळंच. बीपीची गोळी रोजची, तीस गोळ्या तीस दिवसांत संपायला पाहिजेत, आणि कंपनीची तारीख तर बहुतेक दोन-तीन वर्षांची असते. मग घरात एक्सपायर झालेली स्ट्रिप उरलीच कशी? एक तर डॉक्टरनं औषध बदललं, मग ती जुनी गोळी तारखेत असली तरी तुमची नाही. नाहीतर मधल्या मधी तुम्ही ती सोडली होती. बरं वाटलं म्हणून सोडली, नवरात्राच्या उपासात सोडली, लग्नसराईत राहून गेली. आमच्या बीड-धारूरकडची ऊसतोडीला जाणारी माणसं तर दिवाळीच्या आसपास निघतात ते चार-पाच महिने कारखान्याच्या फडावर, कोपीत राहायचं, पहाटे तोडीला जायचं, तिथं गोळी आठवणार कधी, आणि आठवली तरी मेडिकल किती लांब. त्यांना दोष देण्यात अर्थ नाही. निघायच्या आधी आरोग्य केंद्रात जाऊन जास्तीच्या गोळ्या मिळतील का ते विचारा, बीपीची औषधं तिथं मोफत असतात. विकत घ्यायची तर जनऔषधीत ही औषधं बरीच स्वस्त पडतात.

आता रात्रीचे दहा वाजलेत, दुकान बंद, आणि हातात महिनाभरापूर्वी तारीख गेलेली, न फोडलेली स्ट्रिप, तुमच्याच औषधाची आणि तुमच्याच पॉवरची. डॉक्टरला फोन लावून विचारा. नाहीच लागला तर माझं मत असं, की डोस बुडवण्यापेक्षा ती एक गोळी घ्या आणि सकाळी नवी आणा, कारण ॲटेनोलॉल, मेटोप्रोलॉल, क्लोनिडिन असल्या गोळ्या एकदम बंद केल्या की बीपी उसळी मारतं. रंग बदललेला असला, भुगा व्हायला लागला असला तर मात्र घेऊ नका. आणि जुनी आहे म्हणून दोन-दोन घ्यायचा शहाणपणा तर अजिबात नको, औषध टिकून असलं तर चक्कर येऊन न्हाणीत पडाल. छातीत दुखल्यावर जिभेखाली ठेवायची नायट्रोग्लिसरिनची गोळी यात धरायची नाही, तिची ताकद लवकर उडते, ती ताजीच पाहिजे.

दुकानातून पाचच गोळ्या घेतल्या तर तारखेचा तुकडा बहुतेक आमच्याकडच्या अर्ध्यात राहतो. बिल मागा, त्यावर बॅच आणि एक्सपायरी दोन्ही असतं. लाजू नका, तारीख गेलेला माल विकणं गुन्हा आहे हे आम्हाला चांगलं माहितीय.

जुन्या स्ट्रिपा मात्र लगेच उकिरड्यावर टाकू नका, पुढच्या वेळी डॉक्टरकडं जाताना तशाच घेऊन जा आणि सांगा, एवढ्या उरल्यात. नाहीतर होतं काय, गोळ्या राहून जातात, बीपी वाढलेलं दिसतं, डॉक्टरला वाटतं औषध कमी पडतंय आणि तो बिचारा डोस वाढवून देतो.