इंजिन बंद करा आणि ऐका

श्रोतेहो, नमस्कार.

उन्हाळ्याची सुट्टी जवळ आली की घराघरांत बेत सुरू होतो, यंदा ताडोबाला जायचं. कुणी पेंच म्हणतं, कुणी नागझिरा. आपल्या महाराष्ट्रात सहा व्याघ्र प्रकल्प आहेत. 1973 साली देशात व्याघ्र प्रकल्प सुरू झाला, तेव्हा निवडलेल्या पहिल्या नऊ जंगलांत आपला मेळघाट होता. पुढे पेंच, ताडोबा-अंधारी, सह्याद्री, नवेगाव-नागझिरा आणि बोर आले. 2006 साली देशभरात 1,411 वाघ असल्याचा अंदाज होता. 2022 च्या गणनेत तो 3,682 वर गेला आणि त्यातले 444 महाराष्ट्रात. फार आनंदाची गोष्ट आहे ही.

पण ताडोबाहून आलेल्या माणसाला आपण पहिलं काय विचारतो? “दिसला का?” काय दिसला, हे सांगावंही लागत नाही. आणि नाही दिसला, तर तो माणूस इतका पडेल चेहरा करतो, जणू सगळी सुट्टीच वाया गेली.

आज मला तुम्हाला एकच गोष्ट सांगायची आहे. जंगलात गेलात की गाडी थांबवायला सांगा, इंजिन बंद करायला सांगा आणि ऐका. पुन्हा सांगतो, गाडी थांबवा, इंजिन बंद करा, ऐका.

याचं कारण साधं आहे. वाळलेल्या गवतात, बांबूच्या सावलीत बसलेला वाघ आपल्या डोळ्यांना दिसत नाही. पण जंगलात त्याच्यावर सतत पहारा असतो. झाडाच्या शेंड्यावर वानर असतं, खाली चितळ असतात. या दोघांची जोडी ठरलेली. वानर वरून पाला, फळं पाडतं, ती चितळ खातात. वानर लांबचं बघतं, चितळ जवळचा वास घेतात. वाघ किंवा बिबट्या हलला की वानर खाकरल्यासारखं ओरडतं, चितळ तीक्ष्ण आवाज काढतं, भेकर कुत्र्यासारखं भुंकतं. गाइड लोक याला सरळ ‘कॉल’ म्हणतात. चितळ जरा घाबरट, तो रानकुत्र्यालाही ओरडेल. पण सांबर ओरडलं, तो घुमणारा, एकेक सुटा आवाज आला, की गाइड ताठ बसतो. सांबर उगाच बोलत नाही. आणि गाडी चालू असेल, तर यातलं काहीही तुमच्या कानावर पडत नाही.

आता एक हकीकत सांगतो. ही मी अनेक ठिकाणी सांगितली आहे आणि पुढेही सांगत राहणार आहे.

ताडोबातली उन्हाळ्यातली दुपारची फेरी. ऊन असं, की जिप्सीच्या लोखंडी दांड्याला हात लावता येत नव्हता. आमच्या गाडीत पुण्याचं एक कुटुंब होतं. नवरा, बायको, शाळकरी मुलगा आणि मुलाची आजी. आजी नऊवारीत, डोक्यावर पदर आणि पदरावरून बांधलेला ओला पंचा. गाइड होती ताडोबाच्या मोहर्ली गेटकडच्याच एका गावातली तरुण मुलगी. ताडोबात आता कितीतरी मुली गाइडचं काम करतात आणि उत्तम करतात. खाकी शर्ट, गळ्यात दुर्बीण, बोलणं मोजकं.

समोरून येणाऱ्या एका गाडीने सांगितलं की पुढच्या तलावावर वाघीण पिल्लांसह बसली आहे. झालं! मागच्या, पुढच्या सगळ्या गाड्या धुरळा उडवत तिकडे निघाल्या. आमचे पुण्याचे गृहस्थही म्हणाले, “चला चला, लवकर.” गाइड ड्रायव्हरला म्हणाली, “दादा, इथं थांबा. इंजिन बंद करा.”

उजव्या हाताला एक लहानसा पाणवठा होता. चंद्रपूरच्या उन्हाळ्यात ओढे आटतात, तेव्हा सौरपंपाने असे पाणवठे भरतात. पाण्यापासून थोडं मागे, ऐनाच्या झाडांखाली चितळांचा कळप उभा होता. नुसता उभा. गृहस्थ म्हणाले, “हरणं तर सकाळपासून बघतोय. इतके पैसे भरून वाघासाठी आलोय आम्ही.” ती शांतपणे म्हणाली, “भाऊ, हरणं पाण्यावर येऊन नाही राहिली, पाहा.”

मला तोवर ते लक्षातही आलं नव्हतं. बाकी कुणाच्या लक्षात येण्याआधी मागच्या बाकावरून आजी बोलल्या. म्हणाल्या, “बरोबर आहे पोरीचं. एवढ्या उन्हात जनावर पाण्यापाशी येतं आणि पीत नाही, म्हणजे काठावर काहीतरी आहे. आमची गुरं ओढ्यावरून न पिता माघारी फिरली की सासरे काठी घेऊन बघायला जायचे. एकदा हा एवढा मोठा साप निघाला होता.”

गाइड पहिल्यांदा हसली. मग त्या दोघींचंच बोलणं सुरू झालं, अगदी हलक्या आवाजात. आजींनी विचारलं, “तुला कुणी शिकवलं गं हे?” ती म्हणाली, “आईनं. मोह वेचायला पहाटे जंगलात जायचो ना आजी, तर आई म्हणायची, टोपली खाली ठेवायच्या आधी वर वानराकडं पाहायचं. वानर खात असेल तर वेचायचं. वानर एकीकडंच पाहत बसलं असेल, तर टोपली उचलायची नि घरी यायचं.”

श्रोतेहो, इथे क्षणभर थांबतो. चंद्रपूर जिल्ह्यात मोह वेचताना, तेंदूपत्ता तोडताना, सरपण आणताना वाघाच्या हल्ल्यात माणसं दगावतात. दरवर्षी अशा बातम्या येतात. आपण ज्याला छंद म्हणतो, ते जंगल वाचणं तिकडच्या घरांमध्ये आई मुलीला जीव वाचवण्यासाठी शिकवते. वाघ वाढले, म्हणून आपण शहरात टाळ्या वाजवतो; त्या वाघांच्या शेजारी राहायचं काम ही गावं करतात. गेटवरच्या फीमधला वाटा, गाइडची नोकरी, गावातला होमस्टे हे त्यांना मिळालंच पाहिजे. माझं तर स्पष्ट म्हणणं आहे की मोठ्या रिसॉर्टऐवजी गावातल्या घरी उतरावं. जेवणही चांगलं मिळतं आणि माहितीही.

तर, आम्ही वर बघितलं. ऐनाच्या फांद्यांवर चार-पाच वानरं होती. एकही खात नव्हतं. सगळ्यांची तोंडं एकाच दिशेला, पाण्याच्या पलीकडच्या काठावर जांभळाची गर्द सावली होती तिकडे. पण कुणी ओरडत नव्हतं. मुलाने कुजबुजत विचारलं, “मग कॉल का देत नाहीत?” गाइड म्हणाली, “वाघीण कुठं आहे हे त्यांना माहीत आहे. ती झोपली आहे. हलली की बोलतील.”

आम्ही बसून राहिलो. घाम मानेवरून पाठीत उतरत होता. दूर तांबट पक्ष्याची टुक टुक चालू होती. वाळलेलं सागाचं पान पडलं तरी ऐकू येत होतं. चितळांतली एक मादी दोन पावलं पुढे आली, पुढचा पाय उचलून तसाच धरला, मग जमिनीवर आपटला आणि मागे सरकली. गृहस्थही आता बोलायचे थांबले होते. आणि मग जांभळाच्या सावलीत, पालापाचोळ्याच्या वर, एक पांढरा ठिपका हलला. रुपयाच्या नाण्याएवढा. वाघाच्या कानामागे असा पांढरा डाग असतो. माशी बसली असेल, कान फडफडला. थोड्या वेळाने शेपटीचं टोक वर आलं आणि खाली गेलं. बस, एवढंच. एक कान आणि शेपटीचं टोक.

तेवढ्यात ड्रायव्हरने घड्याळ दाखवलं. गेट बंद व्हायच्या आत बाहेर पडावंच लागतं. गाडी वळवून आम्ही थोडं पुढे आलो असू, तोच मागून वानरांनी एकदम कल्लोळ केला. सगळ्या वानरांनी, एकाच वेळी. पाठोपाठ चितळ. गृहस्थ उभेच राहिले, “मागे घ्या! मागे घ्या!” गाइड म्हणाली, “नाही भाऊ. वेळ झाली.” तिने ड्रायव्हरला मान हलवून पुढे चलायला सांगितलं. आणि आजी, ज्यांनी वळूनसुद्धा पाहिलं नाही, त्या नातवाचा हात दाबून म्हणाल्या, “उठली बघ.”

त्या आजींनी त्या दिवशी वाघीण नुसत्या कानांनी पाहिली. गेटवर दुसऱ्या गाड्यांतले लोक कॅमेऱ्यातले फोटो दाखवत होते. आमच्या नातवाला कुणीतरी विचारलंच, “दिसली का?” तो म्हणाला, “हो. आम्हाला तिने कूस बदलली तेही कळलं.”

म्हणून म्हणतो, गाडी थांबवा, इंजिन बंद करा, ऐका.

वाघाच्या मागे धावण्याचं काय होतं, तेही सांगायला हवं. 2024 च्या वर्षअखेरीस उमरेड-पवनी-कऱ्हांडला अभयारण्यात एका वाघिणीला आणि तिच्या बछड्यांना पर्यटकांच्या जिप्सींनी दोन्ही बाजूंनी अडवलं. ती दृश्यं सगळ्यांनी पाहिली. मुंबई उच्च न्यायालयाच्या नागपूर खंडपीठाने त्याची स्वतःहून दखल घेतली. नियम आधीपासून आहेत. वन्यप्राण्यापासून किमान 20 मीटर लांब राहायचं, दोन गाड्यांत 50 मीटर अंतर ठेवायचं, प्राण्याला घेरायचं नाही. हे मोडतं कधी? मागच्या बाकावरून कुणीतरी म्हणतं, “थोडं पुढे घ्या ना, टिप देतो.” ते वाक्य आपण म्हणायचं नाही. ड्रायव्हर आणि गाइडचा रोजगार त्या एका वाक्याने जातो. वाघांना नटनट्यांसारखी नावं देऊन त्यांच्या मागे लागणंही मला पटत नाही. त्या नावाची वाघीण बघितली, ही बघायची राहिली, अशा याद्या लोक करतात आणि समोरचा गवा, अस्वल, झाडावरचा सर्पगरुड त्यांना दिसतच नाही. ताडोबात आत मोबाइल नेता येत नाही, ही बंदी मला मनापासून आवडते.

आवाजावरून आणखी एक. जंगलाच्या गेटापासून जवळ असलेल्या काही ठिकाणी आता लग्नं होतात, रात्री डीजे लागतो. जानेवारी 2024 मध्ये आपला पेंच देशातला पहिला ‘डार्क स्काय पार्क’ ठरला, म्हणजे तिथलं रात्रीचं आकाश कृत्रिम उजेडापासून जपलेलं आहे. किती अभिमानाची गोष्ट! मग उजेडासारखाच आवाजही जपायला नको का? जंगलाच्या कडेला रात्री स्पीकर वाजता कामा नये, असं माझं ठाम मत आहे. शाळांच्या सहलींनीही पाणउद्यानांऐवजी एकदा नागझिऱ्याला जावं. असो, विषय लांबतोय.

आता जायचंच असेल तर थोडी तयारी. बुकिंग ऑनलाइन होतं, सुट्टीच्या दिवसांचं फार आधी भरतं, आणि बुकिंगला दिलेलंच ओळखपत्र बरोबर लागतं. ताडोबाचा कोअर, म्हणजे जंगलाचा आतला गाभा, मंगळवारी बंद असतो आणि पावसाळ्यात जुलै ते सप्टेंबर. बफरमधल्या, म्हणजे गाभ्याभोवतालच्या पट्ट्यातल्या फेऱ्या मात्र पावसाळ्यातही चालतात. त्या दिवसांत नवरंग पक्षी शीळ घालत असतो, त्यासाठी तरी जा. कपडे मळकट रंगाचे, अत्तर नको, पाणी भरपूर. गाडीतून खाली उतरायचं नाही, हे तुम्हाला माहीतच आहे.

आणि बुकिंग करताना ताडोबा भरलेलं दिसलं, तर हिरमुसू नका, मेळघाट बघा. अडीच हजार चौरस किलोमीटरहून मोठं जंगल, सिपना नदी, सेमाडोह आणि कोलकासचे मुक्काम. वाघ तिथे सहजासहजी दिसत नाही, डोंगर आणि दऱ्याच तशा आहेत. पण तिथे रानपिंगळा आहे. हे छोटं घुबड शंभरावर वर्षं कुणाला दिसलं नव्हतं, नामशेष झालं असंच धरून चालले होते. 1997 साली ते शहाद्याजवळ पुन्हा सापडलं आणि नंतर मेळघाटातही आढळलं. बाकीच्या घुबडांसारखं ते दिवसभर झोपत नाही, भर दिवसा सागाच्या फांदीवर बसून बोलतं. तिथल्या कोरकू आदिवासींपैकी एखादा गाइड बरोबर घ्या आणि सकाळच्या पहिल्या फेरीचं बुकिंग करा, तेव्हा ते हमखास जास्त बोलतं.

नमस्कार.