सात हजार मिलिमीटर ते पाचशे, मधे फक्त तीनशे किलोमीटर

मे महिना, दुपारचे दोन वाजलेत, चंद्रपूरचं जंगल. हा जो कर्रर्र कर्रर्र आवाज ऐकू येतोय ना, तो सागाच्या पाचोळ्याचा. एकेक पान ताटाएवढं, वाळून पापड झालेलं, साधा रानकोंबडा चालला तरी वाटतं वाघच आला. वर बघाल तर झाडं उघडीबोडकी. पण मेलेली नाहीत हो, पाणी वाचवतायत, कारण पान ठेवलं की त्यातून पाणी उडणार आणि पाऊस तर जूनशिवाय येत नाही, मग पानंच टाकून द्यायची, विषय संपला.

भारतातलं बरंचसं जंगल हे असं पानझडी आहे. जंगल म्हटलं की आपल्या डोळ्यासमोर कायम हिरवंगार काहीतरी येतं, ते टीव्हीमुळे. या पानगळीच्या जंगलात मोहाची फुलं पहाटे टपाटप पडतात, अख्ख्या रानाला गोडसर वास सुटतो आणि माणसाच्या आधी अस्वल तिथे हजर असतं.

आता पश्चिमेला आंबोलीत या. वर्षाला सात हजार मिलिमीटरच्या आसपास पाऊस, इथे झाडांना एकदम पानं गाळायची गरजच नाही, म्हणून सदाहरित. वर फांद्या एकमेकींत इतक्या गुंतलेल्या की शेकरू जमिनीवर फारसं उतरतच नाही. आणि इथून सोलापूर हवाई अंतराने तीनशे किलोमीटरच्या आत, तिथे पाऊस पाचशे-सहाशे. एवढ्याशा अंतरात जंगल संपून माळ सुरू होतो! सह्याद्री ढग अडवतो, पलीकडच्यांना उरलंसुरलं.

हाच हिशोब देशभर लावत जा. १९६८ साली चॅम्पियन आणि सेठ या दोन वनतज्ज्ञांनी भारतातल्या जंगलांचे १६ गट पाडले, ते सगळे सांगत बसलो तर व्हिडिओ संपायचा नाही. सुंदरबनात अडचण पाण्याची नाही, चिखलाची आहे, मुळांना हवा मिळत नाही, म्हणून सुंदरीच्या झाडांची मुळं खिळ्यांसारखी चिखलातून वर डोकं काढतात आणि त्यातूनच वाघ चालतो, खाडी पोहून जातो. तिकडे लेहला वर्षाला जेमतेम १०० मिलिमीटर, झाड शोधावं लागतं, पण हिमबिबट्या त्याच प्रदेशातला. २०२४ मध्ये जाहीर झालेल्या गणनेत देशभरात ७१८.

पण मला खरं बोलायचंय ते माळाबद्दल. सोलापूरजवळ नान्नजला. इथे पँटला कुसळं चिकटतात, घरी जाऊन तासभर उपटत बसा. सरकारी कागदावर अशा जमिनीला बरेचदा पडीक म्हणतात, मला तर तो शब्दच खटकतो, कारण काळवीट, लांडगा, खोकड आणि माळढोक हे सगळे याच पडीकाचे रहिवासी. चित्तासुद्धा अशा मोकळ्या रानातलाच, १९५२ मध्ये तो भारतातून संपल्याचं जाहीर झालं आणि २०२२ मध्ये नामिबियातून आठ आणून मध्य प्रदेशातल्या कुनोत सोडले. मधल्या काळात माळावर आपण काय केलं? झाडं लावली! हेतू चांगलाच होता, पण उघड्यावर जगणाऱ्या प्राण्याला दाट झाडी म्हणजे अडचणच, त्याला लांबचं दिसायला पाहिजे.

माळढोक बघा. नर दहा-पंधरा किलोपर्यंत भरतो, उडणाऱ्या पक्ष्यांमधल्या सगळ्यात वजनदार गड्यांपैकी एक. अंडं शक्यतो एकच, तेही उघड्या जमिनीवर, घरटं वगैरे काही नाही. डोळे बाजूला असल्यामुळे समोरचं नीट दिसत नाही आणि जड शरीर ऐनवेळी वळवता येत नाही, त्यामुळे विजेच्या तारेला धडकून मरतो. देशात दीडशेसुद्धा उरले नाहीत, बहुतेक सगळे राजस्थानात जैसलमेरकडे. तिथे आता कृत्रिम उबवणी करून पिल्लं वाढवतायत, तार लांबून दिसावी म्हणून तारांवर फिरत्या चकत्या लावतायत.

नान्नजला मात्र संध्याकाळी वेगळंच दिसतं. धनगराची मेंढरं घराकडे निघालीयत, धूळ उडतेय, कुत्री पुढे-मागे धावतायत, आणि पन्नास पावलांवर गवतात दोन कान. नुसते कान. गवताचा आणि त्याच्या अंगाचा रंग एकच, म्हणून लांडगा निवांत पडून आहे, कळपातलं मागे राहिलेलं कोकरू कुठलं ते बघत.